परशू तांडेलाच्या करवंट्या

पाडव्याच्या सकाळी साडेनऊच्या सुमाराला भाईंनी जावयाला द्यायची सोन्याची अंगठी जावयाच्याच गाडीच्या इंजिनात टाकली. मुद्दाम नव्हे. मुद्दाम टाकायची म्हटली असती तर भाईंचा नेम हमखास चुकला असता.

गोष्ट २००७ सालची. लेकीचा, जान्हवीचा, पहिला दिवाळसण होता. जावई निकेत पुण्याहून स्वतःची गाडी चालवत मालवणात आला होता. गाडी आधी कुणीतरी चार वर्षं वापरलेली होती, पण निकेतने ती स्वतःच्या पगारातून घेतली होती आणि तो दिवसातून दोनदा पिवळ्या फडक्याने तिचं अंग पुसायचा. आल्या आल्या त्याने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "बाबा, एकच विनंती. बॉनेट तेवढं उघडू नका. आतलं सगळं फार नाजूक असतं."

एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे लागणारच. भाई वरवर हसले. पण तेव्हापासून ते बॉनेट त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पाडव्याला सकाळी नवरा-बायको होडीने किल्ला बघायला गेली. जेवायला परत येणार होती, आणि जेवणाआधी पाटावर बसवून जावयाला ओवाळायचं, बोटात अंगठी घालायची असा बेत होता. गाडीची चावी ओसरीवरच्या खिळ्याला लटकत होती. ती बघता बघता भाईंना आठवलं, की दसऱ्याला ह्या गाडीची पूजा झाली ती पुण्यात, आणि तीही नुसता बाहेरून हार घालून. वाहनाची पूजा म्हणजे इंजिनाची पूजा! बाहेरून हार घालणं म्हणजे आजाऱ्याच्या सदऱ्याला औषध चोळण्यासारखं झालं. त्यांनी देवघरातलं तबक उचललं. त्यात हळद-कुंकू होतं, अक्षता होत्या, झेंडूची फुलं होती. आणि ओवाळणीची अंगठी भाईंच्या बायकोने, सुनीतीवहिनींनी, आधीच त्यात ठेवली होती. राहू दे, तिचीही पूजा होईल, असा विचार भाईंनी केला आणि बॉनेट उघडलं.

कुंकवाचं बोट इंजिनाला लावायला ते वाकले, तसं तबकही त्यांच्याबरोबर वाकलं. फुलं वरच राहिली. अक्षता पसरल्या. अंगठी मात्र रेडिएटरच्या कडेवर टिंग करून वाजली आणि मागे गेली.

रेडिएटरच्या मागे पंखा असतो, आणि वारा इकडेतिकडे पळू नये म्हणून त्या पंख्याभोवती काळ्या प्लास्टिकचं एक कव्हर बसवलेलं असतं. अंगठी त्या कव्हरात, अगदी तळाशी जाऊन बसली. वरून डोळा लावला तर दिसत होती, पण बोट जाईल एवढी फट नव्हती. गाडी सुरू झाली, पंखा फिरला, की अंगठीचं काय होईल आणि रेडिएटरचं काय होईल ह्याचं चित्र भाईंना शास्त्रशुद्ध दिसलं.

ते धावत आत गेले आणि शाळेतून निवृत्त होताना मिळालेला नालाकृती लोहचुंबक घेऊन आले. दोऱ्याला बांधून तो पाच मिनिटं फटीत खालीवर केला. सहाव्या मिनिटाला त्यांना आठवलं की सोनं चुंबकाला चिकटत नाही. ह्याच प्रश्नावर त्यांनी आजवर कितीतरी पोरांचे गुण कापले होते.

मग स्क्रूड्रायव्हर आला. कव्हर सहा काळ्या बटणांसारख्या प्लास्टिकच्या क्लिपांवर धरलेलं होतं. भाईंनी पहिलीच्या खाली टोक घातलं आणि जोर लावला. 'टक्' असा आवाज झाला. अर्धी क्लिप आत राहिली, अर्धी उडून तुळशीत पडली.

नेमक्या त्याच वेळी सुनीतीवहिनी कमरेला खोचलेला पदर सोडत बाहेर आल्या. "ओ, तबकातली आंगठी खंय आसा?"

"ती सध्या एका सुरक्षित ठिकाणी आहे," भाई म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, उघड्या बॉनेटकडे बघितलं, तुळशीतल्या काळ्या तुकड्याकडे बघितलं. "तुमी घरात शुद्ध बोलूक लागल्यात म्हणजे कायतरी मोडल्यात. परशूक बोलवा. जावय येवच्या आधी."

परशुराम तांडेल हा भाईंच्या चौथीपर्यंतच्या बाकावरचा सोबती. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. पण ह्या तांडेलाला होडीत पाय ठेवला की ओकारी यायची. बापाने तीनदा समुद्रावर नेला आणि तीनदा आडवा करून आणला. चौथ्यांदा बाप म्हणाला, "ह्येका किनाऱ्यार ठेवा, मासळी तरी उपाशी रवतली." तेव्हापासून परशू मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर आईजवळ बसून जाळ्यातली मासळी सोडवू लागला.

त्याची आई गोदूबाई. तिच्या हाताखाली मासळी सोडवणं म्हणजे शाळेपेक्षा कडक काम. बांगडा कल्ल्यात अडकतो. घाईने ओढला तर बांगड्याचं पोट फाटतं, नाहीतर जाळ्याचं भोक वाढतं. पोट फाटलं तर बाजारात गिऱ्हाईक नाक मुरडतं, जाळं फाटलं तर रात्रभर बापाने शिवायचं. म्हणून गोदूबाईचा नियम असा, की मासळीला हातच लावायचा नाही. आधी कुठला धागा धरून बसलाय तो शोधायचा, आणि तेवढाच बाजूला करायचा. मग बांगडा आपसूक हातात येतो. परशूने ओढलं की ती जाळं विणायची बांबूची सुई त्याच्या बोटांवर मारी. दहाव्या वर्षी त्याची बोटं इतकी शहाणी झाली, की अर्ध्या तासात पाटीभर बांगडे सोडवायचा आणि एकाचंही खवलं दुखवायचा नाही.

शाळेत मात्र ह्या बोटांना वास यायचा. चौथीत गुरुजींचा पृथ्वीचा गोल कुणीतरी टेबलावरून पाडला आणि पृथ्वीचे दोन तुकडे झाले. गुरुजींनी वर्गात नाक फिरवलं, गोलाला मासळीचा वास येतो असं जाहीर केलं आणि परशूला सहा छड्या दिल्या. परशूने आदल्या दिवशी तो गोल पुसला होता, म्हणून वास. पाडला होता भाईंनी. भाई तेव्हा बाकावर खिळून बसले, ते छड्या संपेपर्यंत उठले नाहीत. परशूही काही बोलला नाही. त्या वर्षानंतर त्याने शाळा सोडली, पण भाईंशी दोस्ती सोडली नाही. ह्या दोन्हींपैकी कुठल्या गोष्टीचं आपल्याला जास्त वाईट वाटतं, हे भाईंना साठी आली तरी ठरवता आलं नव्हतं.

पुढे होड्यांना इंजिनं आली. ओकारी येणारा परशू किनाऱ्यावर बसून इंजिनं उघडू लागला. मग रिक्षा, मग जीपगाड्या. वायरी गावाच्या रस्त्याला बदामाच्या झाडाखाली त्याचं गॅरेज उभं राहिलं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, आणि खाली करवंट्या. होय, नारळाच्या करवंट्या. गाडीतून निघणारा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक नट वेगळ्या करवंटीत, आणि त्या करवंट्या गाडीत ज्या जागी स्क्रू होता त्या क्रमाने जमिनीवर मांडलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पितरांना पानं वाढलीत. इतरांनी उघडलेली गाडी मिटल्यावर दोन स्क्रू उरतात, परशूकडे कधी उरला नाही. आणि दुसरा एक नियम. गाडीतलं काही मोडलेलं निघालं, तर तो तुकडा फेकायचा नाही. तो शेवटच्या करवंटीत घालून मालकाच्या हातात द्यायचा. "तुमचा आसा, तुमी बघा," इतकंच बोलायचा. लोकांना हे विचित्र वाटे. पण परशूकडची गाडी म्हणजे आतून कुणी फसवलेलं नाही, एवढं मात्र मालवणात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर असा हा परशू, पाडव्याच्या दिवशी नवी लुंगी नेसून, काखेत करवंट्यांची चळत आणि हातात गोळ्या-बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन भाईंच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आला. हत्यारांची पिशवी मात्र नव्हती.

"परशू, पाने खंय?" भाईंनी विचारलं.

"पाटार बसलेत."

"म्हणजे?"

"लक्ष्मीपूजनाक कुंकू लावलंय. आज तिन्हीसांजेपर्यंत तेंका हात लावचो नाय. वर्षभर राबतत, दोन दिवस बसूक नको?"

भाई तडक आत गेले आणि सात वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला पान्यांचा संच घेऊन आले. त्याच्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती.

परशूने एक पाना उलटसुलट बघितला. "ह्येंची पूजा केलंस?"

"नाय."

"बरोबर. ह्येनी कधी काम केल्यानच नाय. चलतीत." मग त्याने भाईंचा स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत धरून खळ्याच्या कोपऱ्यात ठेवला. "ह्यो मात्र नको. ह्येका मोडूची चटक लागली हा."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. "परशूभाऊ, चाय ठेवू?"

"चाय मगे, वयनी. आदी तांब्याभर कडत पाणी दी, आणि एक जुना फडका."

"पाणी कशाक?"

"जुना प्लास्टिक म्हाताऱ्या माणसासारख्या. थंडीत वाकवलास तर मोडता."

त्याने आधी बॅटरीची एक वायर सोडवली, म्हणजे पंखा आपल्या मनाने फिरायला नको. पहिली करवंटी. मग पंख्याच्या वायरीचा खटका अंगठ्याने दाबून वेगळा केला, कव्हरावरून गेलेली पाण्याची बारीक नळी तिच्या खाचेतून उचलली. दुसरी, तिसरी. मग फडका गरम पाण्यात बुडवून, पिळून, एकेका क्लिपेवर मिनिटभर दाबून धरला. भाई टॉर्च घेऊन उभे होते. उजेड क्लिपेवर पडण्यापेक्षा परशूच्या कानावर जास्त पडत होता.

"भाई, माझ्या कानात आंगठी नाय हा."

"बरा बरा." उजेड खाली आला. "वेळ किती लागतलो? पोरां बारापर्यंत येतली."

"बोललंस तितको वाढतलो."

त्यानंतर परशूने खिशातून जे काढलं ते बघून भाईंचा टॉर्च पुन्हा हलला. जाळं विणायची बांबूची सुई. गोदूबाईची, वापरून वापरून काळीकुळकुळीत झालेली, तिचं टोक चपटं आणि गुळगुळीत. परशूने ते टोक क्लिपेच्या मधल्या टिकलीखाली सरकवलं. जोर लावला नाही. टिकली कणभर वर आली, तेव्हा थांबला. दुसऱ्या हाताचं बोट कव्हराच्या मागे घालून त्याने क्लिपेचे दोन बारीक पाय चाचपले, ते चिमटीत दाबले. क्लिप वर आली, जसं पिकलेलं करवंद देठावरून येतं. करवंटीत पडली, तेव्हा टप् असा हलका आवाज झाला.

"ह्या बांगड्याच्या कल्ल्यासारख्या," तो पुटपुटला. भाईंना नव्हे, बहुधा सुईला.

तेवढ्यात भाईंचा मोबाइल वाजला. जान्हवी. किल्ला बघून झाला, होडीत बसतोय म्हणत होती. भाई म्हणाले, "सावकाश या, समुद्र सध्या अत्यंत प्रेक्षणीय आहे." आतून वहिनींचा आवाज आला, "परत शुद्ध!"

परशूची पाठ हलली नाही. तो त्या वेळी डाव्या बाजूच्या दोन क्लिपांवर होता, आणि त्या दोघींपाशी त्याने खूप वेळ लावला. भाईंना त्याची फक्त मान दिसत होती. दोनदा त्याने चष्मा कपाळावर ढकलला, दोनदा खाली घेतला. एकदा 'हं' असं म्हणाला. मग कव्हर दोन्ही हातांनी धरून, कुठेही वाकडं न करता, देवघरातली तसबीर उचलावी तसं सरळ वर उचललं. खालच्या खाचांतून ते अलगद सुटलं आणि त्याच्या तळाच्या कोपऱ्यात, झेंडूच्या एका पाकळीवर, अंगठी बसलेली.

भाईंनी ती उचलली आणि डोळ्यांना लावली.

कव्हर परत बसवायला पंधरा मिनिटं पुरली. करवंट्या उलट्या क्रमाने रिकाम्या होत गेल्या. शेवटी परशूने आपला डबा उघडला. आत भंगारातल्या गाड्यांच्या सोडवून ठेवलेल्या क्लिपा होत्या. त्यातल्या तीन निवडून त्याने बसवल्या. मग शेवटची करवंटी भाईंच्या हातात ठेवली. "ह्यां मालकाक दी."

करवंटीत तीन मोडक्या क्लिपा होत्या.

भाईंनी मोजल्या. परत मोजल्या. त्यांनी स्वतः मोडली होती एक. परशूच्या हातून दोन? ज्याच्या हातून तीस वर्षांत टिकलीएवढंही काही मोडलं नाही त्याच्या? त्यांना तो पुन्हा पुन्हा वरखाली होणारा चष्मा आठवला. त्या डाव्या बाजूला लागलेला वेळ आठवला. परशूचे केस केव्हा एवढे पांढरे झाले?

"तुळशीत टाकूया," भाई खालच्या आवाजात म्हणाले. "जावयाक काय कळता?"

"टाकूच्या आसतीत तर तू टाक. माझा काम मालकाक देवचा." परशूने चहा दोन घोटांत संपवला, करवंट्यांची चळत काखेत मारली आणि नवी लुंगी सावरत निघून गेला.

पाऊण तासाने निकेत पाटावर बसला होता. रांगोळी, समई, वहिनींच्या हातात निरांजन. सगळं वेळेवर, सगळं व्यवस्थित. भाईंनी अंगठी जावयाच्या बोटात घातली. ती अगदी बेताची बसली. करवंटी देवघराच्या दाराआड होती. कुणालाही काही कळणार नव्हतं.

पण आज ना उद्या निकेत बॉनेट उघडणार. तीन क्लिपा वेगळ्या दिसणार. कोणी उघडलं होतं विचारणार, आणि घरात कोणीतरी सांगणार, परशू मेस्त्रीने. मग पुण्याला जाऊन हा पोरगा म्हणणार, मालवणच्या मेस्त्रीने माझ्या गाडीच्या क्लिपा मोडल्या. भाईंच्या नाकाला एकदम मासळीचा वास आला, पृथ्वीच्या गोलाचा.

ते उठले आणि करवंटी घेऊन आले. ती त्यांनी निरांजनाशेजारी तबकात ठेवली.

"निकेत, तुझ्या गाडीच्या ह्या तीन क्लिपा मी मोडल्या. बॉनेट उघडू नका म्हणालास, तरी उघडलं. पूजा करायला गेलो आणि अंगठी आत पडली. परशूने ती काढली. मोडल्या त्या मी. तिन्ही मी."

भाई शुद्ध बोलत होते, पण ह्या वेळी वहिनी काही बोलल्या नाहीत.

निकेतने करवंटीत बघितलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. त्याने दोन क्लिपा उचलून उजेडात धरल्या. त्यांच्यावर वाळलेल्या डिंकाचा पिवळा ओघळ होता, भाईंना चष्म्याशिवाय दिसला नव्हता तो.

"बाबा," तो म्हणाला, "ह्यातली एकच तुमची. ह्या दोन माझ्या. मे महिन्यात पार्किंगमध्ये इंजिन बघायला गेलो, टॉर्च आत पडला. काढताना मोडल्या. चिकटवल्या होत्या. म्हणून तर तुम्हांला म्हटलं, उघडू नका."

"माका सांगितलंस, गाडीतली ती खडखड वाऱ्याची आसा!" जान्हवी माहेरी आल्यामुळे माहेरच्या भाषेत ओरडली.

वहिनींनी निरांजन शांतपणे खाली ठेवलं. "बरां झाला. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले होते, आज सदतिसावो जुळलो."

सगळ्यांत मोठ्याने निकेत हसला. मग त्याने स्वतः जाऊन बॉनेट उघडलं आणि सासऱ्यांना विचारलं, कुंकू कुठे लावायचं होतं. भाईंनी बोट लावलं. तबक ह्या वेळी वहिनींनी धरलं.

दिवेलागणीला भाई फराळाचा डबा घेऊन परशूच्या दारात गेले. पायरीवर गोदूबाई बसली होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. पावलांवरून तिने ओळखलं. "भाई काय रे? काय मोडून हाडलंस?"

"काय नाय गो, चकल्यो हाडलंय."

"त्योय मोडक्योच आसतल्यो," म्हातारी म्हणाली आणि सरकून जागा दिली.

परशू आत पाटासमोर बसला होता. पूजेतले पाने एकेक करून उचलत होता, कुंकू न पुसता खुंटीला लावत होता. भाई उंबरठ्यावर उभे राहिले. दुपारपासून जमवलेले शब्द एका दमात बाहेर आले.

"परशू, डाव्या बाजूच्यो दोन क्लिपो आदीच मोडलेल्यो होत्यो. डिंक लावलेल्यो. तुका सकाळीच दिसला मां?"

"दिसला."

"गाडीवाल्यानच चिकटवलेल्यो, ह्याव कळला?"

"मेस्त्री नवी घालता. डिंक मालकच लावता."

"मगे मेल्या, माका सांगूक काय झाला होता? माका वाटला, तुझो हात चुकलो. तुझा नाव जावचा नाय म्हणान तीनव माझ्या अंगार घेतलंय, जावयासमोर, तबकात करवंटी ठेवन! जीव कासावीस झालो माझो. एक शब्द बोलूक काय जाता होता तुझा?"

परशूने शेवटचा पाना खुंटीला लावला. वळून भाईंकडे बघितलं, चौथीच्या बाकावरून बघावं तसं.

"सांगलं असतंय, तर तू तुझी एकसुदा लपवलं असतंस."